घरी केलेली खेळणी : हात कोणाचे?

घरी केलेले खेळणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा चिंध्यांची बाहुली उभी राहते. जुन्या लुगड्याची गोधडी शिवून झाली, की उरलेल्या तुकड्यांची घट्ट गुंडाळी करायची, वर पांढऱ्या कापडाचे डोके बांधायचे, काळ्या दोऱ्याने दोन टाके घातले की डोळे झाले. या बाहुलीविषयी आपल्याकडे गहिवरून पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात आणखी भर घालण्याचा माझा विचार नाही. प्रस्तुत लेखात मला एकच, तसा साधा प्रश्न विचारात घ्यायचा आहे. आईबापांनी मुलासाठी घरी एखादी वस्तू करायला घेतली, तर त्यातले किती काम त्यांनी करावे आणि किती मुलाच्या हाताला ठेवावे?

जुन्या घरांत हा प्रश्न कोणाला पडतच नसे, कारण आईला वेळच नसे. तिने बाहुलीचे डोके बांधून दिले, की पुढचे लुगडे, पुढची वेणी, पुढचे लग्न मुलींनी पाहून घ्यायचे. चिंध्यांचा चेंडू मुलेच सुतळीने आवळीत. तो सैल झाला की लगोरीच्या डावात मध्येच सुटे आणि भांडण होई, म्हणून पुढच्या वेळी गाठ नीट मारली जाई. कोकणात माडाच्या पातीपासून घड्याळ, चष्मा, पिपाणी आणि भिरभिरे करतात. भिरभिऱ्याचा आस म्हणून त्याच झावळीचा हीर चालतो, म्हणजे सारे सामान एका झाडाचे. बंगालात मुले आंब्याची कोय घासून पिपाणी करीत. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९२९) या कादंबरीची मुलांसाठी जी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिचे नाव ‘आम आँटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी, असेच होते. त्या आवृत्तीची चित्रे काढता काढता सत्यजित राय यांच्या मनात चित्रपटाची कल्पना रुजली, हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

दिवाळीतील किल्ला हा या सर्वांचा राजा. दगड, विटा, चिखलात बुडवलेले गोणपाट, वर पेरलेले हळीव. त्यात मोठ्यांचे काम फार तर जागा दाखवण्याचे आणि गोणपाट देण्याचे. हळीव उगवायला तीनचार दिवस लागतात, म्हणून किल्ला वसुबारसेच्या आधी उभा राहिला पाहिजे, हा हिशेब मुलाला कोणी शिकवीत नाही. एका वर्षी डोंगर बोडका राहतो, पुढच्या वर्षी राहत नाही.

शिक्षणशास्त्राने या गोष्टीची दखल फार उशिरा घेतली असे म्हणता येणार नाही. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बालशिक्षणाची जी संस्था काढली आणि पुढे जिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले, तिच्यात लाकडी ठोकळे आणि कागदकाम यांना अभ्यासाचे स्थान मिळाले. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केले आणि आपली साधने अशी बेतली, की मुलाची चूक साधनानेच दाखवावी, शिक्षिकेने नव्हे. दट्ट्या चुकीच्या भोकात बसत नाही, एवढ्यावर मुलाला कळते. ही कल्पना फार मोलाची आहे. पण ती साधने महाग, सुबक आणि पूर्ण होती. मुलाने ती वापरायची, करायची नव्हे. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. तेथे अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी या साधनांचे जे केले, ते मला मूळ साधनांपेक्षाही महत्त्वाचे वाटते. शिंपले, गारगोट्या, बिया आणि पाने यांवर त्यांनी मोजणे, जुळवणे, लावणे बसवले. आदिवासी पाड्यावरचे मूल ही साधने स्वतः वेचून आणू शकत होते. साधन आणण्यापासूनच शिक्षण सुरू झाले.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की कारखान्यातले खेळणे म्हणजे मोठ्यांचे जग लहान करून मुलाच्या हाती दिलेले. त्यामुळे मूल त्याचे मालक होते, वापरणारे होते, निर्माते होत नाही. साध्या लाकडी ठोकळ्यांना मात्र तो यातून वगळतो. बार्थचा रोख बाजारावर आहे. पण मला वाटते, त्याचा आक्षेप घरी केलेल्या पुष्कळ खेळण्यांनाही लागू पडतो. हौशी आईने महिनाभर खपून केलेली, जरीचे काठ लावलेली, काचेच्या कपाटात ठेवलेली आणि ‘हात लावू नकोस’ म्हणून बजावलेली बाहुली घरचीच असते. तरी मुलीच्या दृष्टीने ती दुकानातलीच.

येथे घरचे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. माझ्या धाकट्या भावाला वाण्याचे दुकान हवे होते. आईने पुठ्ठ्याच्या खोक्याला फळ्या लावून दिल्या आणि तराजूसाठी दोन करवंट्या, एक काठी व सुतळी त्याच्यापुढे ठेवली. करवंट्यांना भोके तेवढी तिने तापवलेल्या सळईने पाडून दिली. काठीच्या मध्यावर दोरी त्याने अंदाजाने बांधली. अर्थात ती मध्यावर नव्हती. तो दोन दिवस चिंचोके विकत होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलीने तक्रार केली, की या पारड्यात वीस चिंचोके भरतात आणि पारडी बदलली की त्याच दगडाला तेवढे भरत नाहीत. तो आईकडे धावला. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अरे, मग लबाडी कोण करतंय ते शोध की. दगड, चिंचोके का काठी?” संध्याकाळपर्यंत त्याने दोरी अर्धा बोट सरकवून पाहिली, मग परत मागे आणली, आणि शेवटी रिकामी पारडी सारखी झाल्यावर गाठ मारली. त्यानंतर करवंट्या एकसारख्या जड नाहीत हे त्याच्या लक्षात आले. तो निराळाच तंटा. पारडी बदलून तराजूचा खरेपणा तपासण्याची ही रीत जुनीच आहे आणि तिच्यामागचा तरफेचा नियम आठवी-नववीच्या पुस्तकात असतो. आईला दोरी चुकल्याचे पहिल्याच दिवशी दिसले होते, हे तिने मला नंतर सांगितले. तिने ते दोन दिवस पोटात ठेवले. माँटेसोरीबाईंचे नावही तिने ऐकलेले नाही.

आता कोणी म्हणेल, करवंटीच्या तराजूने आजच्या जगात काय होणार? त्यावर बटणाच्या भिंगरीचा दाखला पुरेसा आहे. सदऱ्याचे बटण, त्याच्या दोन भोकांतून ओवलेला दोरा. पीळ देऊन दोन्ही हातांनी ताणला आणि सैल सोडला की बटण गुणगुणत फिरते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खेळण्याचे गणित मांडले आणि २०१७ साली कागद व दोऱ्याचे एक यंत्र प्रसिद्ध केले. ते हाताने मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत फिरते, त्याला वीस सेंट खर्च येतो, आणि वीज नसलेल्या ठिकाणी रक्तातील द्रव दीड मिनिटात वेगळा काढता येतो. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी ‘आयुका’च्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रात वर्षानुवर्षे हेच दाखवले. आयआयटीत शिकलेला हा अभियंता आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडतो. चौकोन हातात लचकतो, त्रिकोण लचकत नाही. पूल आणि छपरांच्या कैच्या त्रिकोणी का असतात, ते बोटांना समजते. २०१८ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली.

मात्र माझ्या विषयाची खरी अडचण शाळेत आहे. हाताने काम करावे हे आपल्या शिक्षणविचाराला नवे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी ठेवला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ हे भारदस्त नाव दिले. नावे बदलत गेली, आणि आज घराघरांत या सर्वांचे रूपांतर ‘प्रोजेक्ट’ या एका शब्दात झाले आहे. रात्री साडेनऊला मूल सांगते, की उद्या पवनचक्की न्यायची आहे. मग बाप दुकान बंद होण्याआधी पुठ्ठा आणायला धावतो, आई रंगवते, मूल झोपते. सकाळी सर्वांत सुबक पवनचक्कीला सर्वांत जास्त गुण मिळतात. ते गुण वस्तुतः कोणाचे, हे शिक्षकांना ठाऊक असते, पालकांना असते, आणि दुर्दैवाने मुलालाही असते. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा पुठ्ठा परत आला एवढाच फरक. हात मोठ्यांचेच राहिले.

या स्पर्धेत सर्वांत मागे कोण राहते, हेही पाहिले पाहिजे. ज्या मुलाची आई दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करून आठला परतते, त्याची वाकडी पवनचक्की कदाचित वर्गातली एकमेव खरी असेल. तिला दहापैकी चार गुण मिळतात. उलट बाजूने, गरिबांची मुले चिंध्यांशी खेळतात म्हणून ती अधिक कल्पक, असे म्हणून कृतार्थ होणेही मला मान्य नाही. नाइलाजाला कल्पकता म्हणणे हा सुस्थितांचा जुना छंद आहे. त्या मुलालाही चांगला चेंडू आणि चांगली कात्री मिळाली पाहिजे. आणि घरी काहीतरी करण्याचा सारा भार आईवरच का, हा प्रश्न तर उरतोच. माझ्या पाहण्यातले अनेक वडील आकाशकंदिलाच्या कामट्या उत्तम तासतात, पण वर्षातून एकदाच.

आपल्या वर्गातील पुष्कळ जण उद्या बी.एड. करून शिक्षक होणार आहेत, म्हणून एक व्यवहाराची सूचना करतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत असे सुचवले आहे. त्यांतले काही दिवस याच कामाला द्यावेत. वस्तू शाळेतच, शिक्षकांच्या देखत करून घ्यावी; मोडली तर मोडलेली जपावी आणि का मोडली ते मुलाकडून चार ओळींत लिहून घ्यावे, गुण त्या ओळींना द्यावेत. घरून फक्त एक रिकामी काड्यापेटी, दोन बटणे आणि हातभर दोरा आणायला सांगावे.