श्रोत्याचा अभिप्राय आणि संगीताची कोटी
(लोकसंगीत, जनसंगीत व विश्वसंगीत यांच्या ध्वनिमुद्रिकांसंबंधी काही विचार)

१

एखादी ध्वनिमुद्रिका ऐकून श्रोता जो अभिप्राय देतो तो केवळ कानी पडलेल्या स्वरांविषयी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आवाज कसदार आहे, ठेका पकड घेतो, चाल मनात घोळत राहते, ही नेहमीची विधाने त्या समजुतीस पोषकच असतात. परंतु लोकसंगीत, जनसंगीत (पॉप) आणि ‘वर्ल्ड म्युझिक’ ह्या नावाने ओळखले जाणारे विश्वसंगीत यांच्या अल्बमांविषयीचे अभिप्राय शेजारी ठेवून पाहिले, तर निराळी गोष्ट लक्षात येते. लोकसंगीत ऐकताना श्रोता ते अस्सल आहे काय, असे विचारतो. जनसंगीताच्या बाबतीत ते नवे आणि वेधक आहे काय, हे पाहतो. विश्वसंगीताकडून मात्र दूरच्या भूमीचा प्रत्यय यावा, अशी त्याची अपेक्षा असते. म्हणजे निकष ऐकण्याआधीच ठरलेला असतो आणि तो बहुधा वेष्टनावरच्या कोटीच्या नावाने ठरतो. ह्या नावामुळे अभिप्रायास कोणते वळण लागते आणि त्याचा परिणाम कलावंतापर्यंत कसा पोहोचतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

लोकसंगीताच्या बाबतीत श्रोत्याचे मत ही बाहेरून चिकटणारी गोष्ट नव्हे. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली साओ पावलो येथील अधिवेशनात लोकसंगीताची जी व्याख्या स्वीकारली, तीत मौखिक परंपरेला घडवणारे तीन घटक सांगितले होते: सातत्य, परिवर्तन आणि निवड. सातत्याने वर्तमान भूतकाळाशी जोडला जातो, परिवर्तन व्यक्तीच्या किंवा समूहाच्या सर्जनशीलतेतून येते आणि निवड समाज करतो. ही निवड म्हणजेच श्रोत्यांचा अभिप्राय होय. जे रुचले ते पुन्हा गायले गेले, जे रुचले नाही ते विसरले गेले. मौखिक परंपरेत श्रोत्याचे मत शब्दांत नोंदले जात नाही, ते गीताच्या टिकण्यात किंवा बदलण्यात दिसते.

ध्वनिमुद्रणाने ही स्थिती पालटली. तबकडीवरील गाणे श्रोत्याच्या नापसंतीने बदलत नाही. त्यामुळे मत व्यक्त करण्यास विकत घेणे, न घेणे आणि बोलणे एवढेच मार्ग उरले. जो अभिप्राय पूर्वी गीताच्या अंगी मुरत असे, तो आता गीताबाहेर राहून त्याचा न्यायनिवाडा करू लागला.

ह्याच व्याख्येतील आणखी एक मुद्दा पुढील विवेचनास आवश्यक आहे. एका व्यक्तीने रचलेले, परंतु पुढे समूहाच्या अलिखित परंपरेत सामावून गेलेले गीतही तिने लोकसंगीत मानले होते. म्हणजे लोकसंगीत हे कर्त्यावाचून असलेच पाहिजे, असा तिचा आग्रह नव्हता.

३

कोटीच्या नावाचा श्रोत्यावर किती पगडा बसतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बॉब डिलन. १९६५ च्या मार्चमध्ये आलेल्या त्यांच्या अल्बमची एक बाजू मुख्यतः विद्युत्-वाद्यांच्या साथीची, तर दुसरी साध्या गिटारवरची होती. त्याच वर्षी २५ जुलैला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ते विद्युत्-गिटार घेऊन वादकवृंदासह उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांतील काहींनी हुर्यो केली. तिला वाद्यांइतकाच सदोष ध्वनिक्षेप आणि कार्यक्रमाचा तोकडेपणाही कारण होता, असे काहींचे म्हणणे आहे. परंतु १७ मे १९६६ रोजी मँचेस्टर येथे घडलेल्या प्रसंगाविषयी अशी शंका घेण्यास फारसा वाव नाही. पूर्वार्धात एकट्याने गायलेली गाणी शांतपणे ऐकणाऱ्या सभागृहातून उत्तरार्धात, वादकवृंदाच्या साथीच्या वेळी, ‘जूडास’ असा पुकारा झाला. ख्रिस्ताचा विश्वासघात करणाऱ्या शिष्याचे नाव येथे शिवी म्हणून वापरले गेले.

डिलन यांची बहुतेक गाणी स्वरचित होती. वर सांगितलेल्या व्याख्येच्या कसोटीवर ती लोकसंगीत ठरत नव्हतीच. श्रोत्यांना विश्वासघात वाटला तो परंपरेचा नव्हे, तर ‘लोकसंगीत’ ह्या शब्दाभोवती त्यांनीच उभारलेल्या अपेक्षेचा होता.

४

डिलन यांना ह्या अभिप्रायाची झळ लागली, पण त्यांचे नाव वा मिळकत बुडाली नाही. सर्वांचीच स्थिती अशी नसते. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यांनी १९३९ साली जोहान्सबर्ग येथे आपल्या ‘ओरिजिनल ईव्हनिंग बर्ड्‌स’ ह्या गायकसंचासह ‘म्बुबे’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. ‘म्बुबे’ म्हणजे सिंह. लिंडा यांना त्याबद्दल किरकोळ रक्कम मिळाली आणि हक्क कंपनीकडे गेले. तबकडी त्यांच्या देशात अतिशय लोकप्रिय झाली. इतकी, की त्या धर्तीच्या समूहगायनालाच ‘म्बुबे’ हे नाव पडले. थोडक्यात, तेथील श्रोत्यांच्या दृष्टीने हे ओळखीच्या गायकाचे चालू काळातील लोकप्रिय गाणे होते.

हीच तबकडी लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यामार्फत अमेरिकेत पीट सीगर यांच्या हाती पडली. त्यांच्या ‘वीव्हर्स’ ह्या संचाने ते गीत ‘विमोवे’ नावाने सादर केले. मूळ झुलू शब्द कानाने टिपताना झालेल्या चुकीतून हे नाव आले होते. १९५२ साली ते अमेरिकेत गाजले. श्रोत्यांनी ते आफ्रिकेचे लोकगीत म्हणून स्वीकारले. श्रेयनामाच्या जागी ‘पॉल कँपबेल’ असे नाव होते. पारंपरिक गीतांच्या रूपांतरासाठी ह्या संचाने घेतलेले ते टोपणनाव होते. अशा रीतीने अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीस श्रेय मिळाले आणि जोहान्सबर्ग येथे हयात असलेल्या रचनाकाराचे नाव गळले. सीगर यांनी लिंडा यांना पुढे एक हजार डॉलर पाठवले होते, परंतु त्याने श्रेयाचा प्रश्न मिटला नाही. १९६१ साली ‘टोकन्स’ ह्या संचाने नवे इंग्रजी शब्द घालून तेच गीत पॉप म्हणून गायले आणि ते अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याची मुख्य चाल लिंडा यांनी मूळ मुद्रणाच्या अखेरीस आयत्या वेळी घेतलेल्या उंच सुरावटीतून आलेली होती. १९६२ साली लिंडा गरिबीतच वारले.

‘द लायन किंग’ ह्या १९९४ च्या चित्रपटातील वापरानंतर त्यांच्या वारसांनी दाद मागितली आणि २००६ साली तडजोड होऊन लिंडा यांना सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली. जुन्या ब्रिटिश स्वामित्वहक्क कायद्यातील, कर्त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी हक्क वारसांकडे परत जाण्याची तरतूद येथे त्यांच्या उपयोगी पडली.

‘किती सुंदर लोकगीत आहे’, हा अभिप्राय प्रशंसेचाच होता, ही येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. परंतु ‘लोकांचे’ ह्या शब्दाचा अर्थ व्यवहारात ‘कोणाचेही नसलेले’ असा घेतला गेला आणि त्याची किंमत एका कुटुंबाला मोजावी लागली.

५

‘विश्वसंगीत’ ही कोटी तर उघडपणे दुकानाच्या सोयीतून रूढ झाली. १९८७ च्या जूनमध्ये लंडनमध्ये लहान स्वतंत्र कंपन्यांच्या प्रतिनिधींची एक बैठक झाली. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका येथील तबकड्या कोणत्या फळीवर ठेवाव्यात हे दुकानदारांना उमगत नसे. त्यावर उपाय म्हणून ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव ठरले. ह्या नावाने अनेक कलावंतांना श्रोते मिळवून दिले, हे नाकारता येणार नाही. पण त्याबरोबर एका देशाचे कालचे जनसंगीत दुसऱ्या देशात कालातीत परंपरा म्हणून ऐकले जाऊ लागले. १९९६ साली हवानामध्ये मुद्रित होऊन १९९७ साली प्रसिद्ध झालेला ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा अल्बम पाहावा. त्यातील ‘सोन’ आणि ‘बोलेरो’ ही क्यूबातील वडीलधाऱ्यांच्या तरुणपणाची लोकप्रिय गाणी होती. परदेशी श्रोत्याला ती क्यूबाचा आत्मा वाटली, तर हवानातील तरुण पिढी त्या वेळी ‘तिंबा’वर नाचत होती.

ह्या संदर्भात पॉल सायमन यांचे दोन अनुभव बोलके आहेत. १९७० च्या अल्बममध्ये ‘एल कोंडोर पासा’ ही धून त्यांनी पारंपरिक समजून घेतली. प्रत्यक्षात ती पेरूचे डॅनिएल अलोमिया रोब्लेस यांनी १९१३ च्या संगीतनाटकासाठी रचलेली निघाली आणि रोब्लेस यांच्या मुलाने दावा केल्यावर श्रेय दुरुस्त झाले. १९८६ च्या ‘ग्रेसलँड’मध्ये ‘लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो’ हा संच गायला. त्याची शैली लिंडा यांच्याच परंपरेतून विकसित झालेली. ह्या वेळी ‘होमलेस’ ह्या गीताचे सहरचनाकार म्हणून संचाचे प्रमुख जोसेफ शबालाला यांचे नाव छापले गेले. वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याबद्दल ह्या अल्बमवर कडक टीकाही झाली. ही टीका स्वरांवर नव्हती, पण ती संगीतबाह्य म्हणून बाजूला सारता येत नाही. अल्बम कोठे, कोणाबरोबर आणि कोणत्या अटींवर घडला, हेही श्रोत्याच्या विचाराचा विषय होऊ शकते, हे तिने दाखवून दिले.

६

मराठीच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या स्त्रियांची नावे आणि गावे नोंदलेली आहेत. ओवी परंपरेची असते, हे खरेच. पण ती विशिष्ट गावच्या विशिष्ट बाईच्या तोंडून येते आणि तिच्या आयुष्याचा रंग घेऊन येते. नाव नोंदल्याने ओवीचे लोकपण उणावत नाही.

लोक, जन आणि विश्व ही संगीताची अंगभूत लक्षणे असतात त्याहून अधिक ती श्रोता आणि संगीत यांच्यातील अंतराची नावे असतात. गाणे एकच राहून ऐकणारा बदलला की कोटी बदलते, हे ‘म्बुबे’च्या प्रवासावरून स्पष्ट होते. म्हणून कोणत्याही अल्बमविषयी मत देण्यापूर्वी श्रोत्याने दोन गोष्टी विचारून घेणे इष्ट आहे. हे गाणे ज्यांच्यात जन्मले ते त्यास काय म्हणतात, आणि ते प्रथम कोणी गायले? आवडनिवड त्यानंतरही ज्याची त्याची राहील, परंतु ती व्यक्त करताना कोणाचे नाव पुसले जाणार नाही.