विहिरीवरील स्त्री : पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा ख्रिस्ती स्त्रीविचार

आधुनिक मराठी गद्यात ख्रिस्ती स्त्रीचे चित्र प्रथम उमटते ते बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीत. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हा तिचा घोषित हेतू. यमुना आणि तिचा पती विनायक ही दोघेही ख्रिस्ती विचाराकडे झुकलेली आहेत. विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेच्या वाट्याला वैधव्याचा छळ येतो आणि अखेर ख्रिस्ती धर्माचा स्वीकार व पुनर्विवाह यांत तिला आश्रय मिळतो. पदमनजींची कळकळ निःसंशय खरी आहे. परंतु पतीचे मत एक आणि पत्नीचे दुसरे असेल तर काय, हा प्रश्न त्यांनी उपस्थितच होऊ दिलेला नाही. यमुना सोसते आणि तिची सुटका होते. तिला कोणाशी वाद घालावा लागत नाही. मराठीतील ख्रिस्ती स्त्रीविचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो हा वाद स्त्रियांनी स्वतः घातला तेव्हा. त्या दृष्टीने पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे लेखन एकत्र वाचण्याजोगे आहे. एरवी रमाबाई समाजसुधारणेच्या इतिहासात जातात आणि लक्ष्मीबाई विनोदी आत्मकथनाच्या प्रकरणात. या वाटणीमुळे दोघींनाही जोडणारा धर्मविचार अभ्यासकांच्या नजरेतून निसटतो.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी या निर्णयामागील कारणे सांगितली आहेत. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाने त्यांची बौद्धिक खात्री पटवली, हे त्या मान्य करतात. तथापि मनाची पकड घेणारा प्रसंग निराळाच आहे. वाँटेजच्या भगिनीसंघाचे लंडनमधील फुलहॅम येथे एक सेवागृह होते. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची तेथे केली जाणारी शुश्रूषा पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांविषयी ही माया का, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय त्यांना वाचून दाखवला. शोमरोनी स्त्री आणि येशू यांची विहिरीवरील भेट ती हीच. ज्या शास्त्रग्रंथांत रमाबाई वाढल्या, ते इतर बाबतींत परस्परांशी कितीही भांडत असले तरी स्त्रीजातीच्या अधमपणाविषयी मात्र त्यांचे एकमत आहे, असा त्यांचा आक्षेप याच साक्षीत आहे. त्या पार्श्वभूमीवर ही कथा त्यांना का भिडली, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या कथेतील तीन गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे. यहुदी पुरुष शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो, म्हणजे विटाळाची सीमा ओलांडतो. पाच पती झालेल्या त्या स्त्रीशी तो उपासनेसारख्या गहन विषयावर बोलतो. तिला नुसता उपदेश करून वाटेला लावीत नाही. आणि खरी उपासना या डोंगरावरही नाही व यरुशलेमेतही नाही असे सांगून तो पीठाचा अधिकारच गौण ठरवतो. फुलहॅमच्या भगिनीला बहुधा यातील पापी स्त्रीविषयीची करुणा तेवढी अभिप्रेत असावी. रमाबाईंनी तिसरी गोष्टही गांभीर्याने घेतली. त्यांचे पुढचे वर्तन तरी तसेच दर्शविते.

चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा प्रश्न उद्भवला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला विरोध केला. ज्या बाईने देशभर हिंडून पुरुषांच्या सभांत पुराणे सांगितली आणि जिला पंडितसभेने 'सरस्वती' म्हणून गौरवले, तिला हा सल्ला! रमाबाईंनी तो मानण्यास साफ नकार दिला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात अथानासियसचा मतांगीकार, त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चच्या आज्ञेचे स्वरूप या साऱ्यांवर घनघोर वाद आहे. जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसतो. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर त्याच जागी दुसऱ्याचे चढवून घेण्यासाठी त्या ख्रिस्ती झालेल्या नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती संस्कृत का नसावीत, हा त्यांचा प्रश्नही याच वादातला. वरवर तो स्वदेशाभिमानाचा वाटतो; वस्तुतः तो अधिकाराचा आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातील धर्मप्रभावावरून पुण्यात वादळ उठले आणि सुधारकांनीही सदनाशी संबंध तोडले, तेव्हा रमाबाई ख्रिस्ती झाल्या एवढेच सर्वांना दिसले. ख्रिस्ती झाल्यावरही त्या कोणाच्या आज्ञेत राहिल्या नव्हत्या, हे टीकाकारांना ठाऊक नव्हते आणि मिशनऱ्यांना सांगण्याची इच्छा नव्हती.

लक्ष्मीबाईंचा मार्ग याहून सर्वस्वी भिन्न आहे. त्यांना ना संस्कृतचे पांडित्य, ना परदेशाचा अनुभव. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी जमवण्याच्या निमित्ताने सुरू झालेली 'स्मृतिचित्रे' चार भागांत प्रसिद्ध झाली; पहिला भाग १९३४ चा. तिचा आरंभच सोवळ्याने होतो, ही गोष्ट तिच्या रचनेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे की मीठदेखील धुऊन घ्यावे! वाचक येथे पोट धरून हसतो. परंतु या धुण्याचे कष्ट कोणाच्या माथी होते, हे लक्ष्मीबाई विसरू देत नाहीत. सोवळे पुरुषाचे आणि राबणे बाईचे, ही जाणीव कोणत्याही तात्त्विक भाष्याशिवाय पहिल्या काही पानांतच वाचकाच्या मनात रुजते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला बरोबर न घेता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो पत्नीच्या जिवंतपणीच वैधव्याचा घाव होता. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांकडे राहिल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडले तर विवाहविच्छेद मागण्याची सोय धर्मांतरितांना १८६६ च्या कायद्याने दिलेली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत आणि पत्नीवर त्यांनी सक्तीही केली नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास गेल्या त्यादेखील आपले सोवळे सांभाळून. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. म्हणजे मध्ये पाच वर्षे गेली. 'पतीमागोमाग पत्नीही ख्रिस्ती झाली' असे एका वाक्यात सांगितले जाते तेव्हा ही पाच वर्षे हरवतात, आणि 'स्मृतिचित्रां'चा धार्मिक आशय तर नेमका त्यांतच आहे.

त्या वर्षांत लक्ष्मीबाईंना छळणारे प्रश्न त्रैक्याचे नाहीत. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हे आहेत. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा निकाल त्या स्वतःच्या मनाशी लावतात आणि मगच विटाळ टाकून देतात. धर्ममताचा स्वीकार त्यामागून येतो. रमाबाईंना इंग्लंडात एका ग्रंथातून भेटलेली विहीर लक्ष्मीबाईंना स्वतःच्या स्वयंपाकघरात भेटली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या पश्चात निघालेल्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर' असावे, हा योगायोगही मोठा बोलका आहे.

या दोघींच्या विचाराला मर्यादा नाहीत असे मुळीच नाही. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातील शिस्त उत्तरोत्तर कडक होत गेली. चर्चच्या आज्ञेशी झगडलेल्या बाईंनी आपल्या आश्रितांना तसे झगडण्याची मोकळीक कितपत दिली, हा प्रश्न टाळता येत नाही. बायबलच्या त्यांच्या भाषांतराविषयीही दुहेरी मत संभवते. मूळ हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून संस्कृत शब्दांना त्यांनी कटाक्षाने फाटा दिला. हेतू स्तुत्य असला तरी गद्य पुष्कळदा रुक्ष उतरले आहे. लक्ष्मीबाईंच्या मराठीतील ओघ त्यात शोधू नये. उलटपक्षी लक्ष्मीबाई संस्थेच्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाहीत. ख्रिस्ती विवाहितेला १८६९ च्या घटस्फोट कायद्याने दिलेली दुय्यम जागा त्यांच्या लेखनाचा विषय होत नाही. पतीला पत्नीचा व्यभिचार हे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य वा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद थेट २००१ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून राहिला. विहिरीवरील संवाद आणि न्यायालयातील कलम यांमधील हे अंतर ख्रिस्ती स्त्रीविषयी लिहिताना झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

लक्ष्मीबाईंचे एक काम मात्र अद्याप त्यांच्या गद्याच्या सावलीत राहिले आहे. टिळकांनी आरंभलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या १९१९ मधील निधनाने अपुरे राहिले. प्रारंभीचे दहा-अकरा अध्याय त्यांचे आहेत. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या स्त्रीने ख्रिस्तचरित्राचा बहुतेक भाग ओवीबद्ध करावा, ही मराठी काव्याच्या इतिहासात किरकोळ घटना नव्हे. टिळकांच्या अध्यायांतील स्त्रिया आणि लक्ष्मीबाईंच्या अध्यायांतील स्त्रिया यांत काय फरक पडतो, सांधा नेमका कोठे जाणवतो, येशूच्या तोंडची भाषा स्त्रीशी बोलताना बदलते काय, याचा शोध पदव्युत्तर प्रबंधासाठी हाती घेण्याजोगा आहे.