ओली पँट आणि पिवळी ट्यूब

जून ते सप्टेंबर ओरोसला कपडे वाळत नाहीत, नुसते कुबट होतात. कुडाळहून दुचाकीने तिथल्या सिंधुदुर्गनगरीत यायचं, रेनकोटातून झिरपलेलं पाणी जांघेत मुरवायचं आणि तीच पँट ऑफिसच्या पंख्याखाली अंगावर वाळवत पाच वाजवायचे, हा माझा दर पावसाळ्याचा नेम. आंघोळ दोनदा, साबण जंतुनाशक, म्हणून मी स्वतःला स्वच्छ समजत होतो.

मग जांघेत गोल चट्टा उठला. कड लाल, मध्ये साफ. आते म्हणाली, "नायटो तो. टाकळ्याचो पालो लाव, नि तुझो टॉवेल येगळो कर." टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणतात, म्हणजे नायट्याचा काळ, मला तो भाजीपुरताच ठाऊक. दोन्ही सल्ले हसण्यावारी नेले आणि दुकानातून एक पिवळी ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज गेली. लावायचं थांबवलं की आठवड्यात दुप्पट चट्टे. लाजेपायी चार महिने असेच काढले. तोवर बायकोला आणि मुलालाही लागण झाली होती.

त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं मलाच वाचायला लावली. क्लोबेटासॉल. हे स्टिरॉइड खाज दाबतं, तशी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. बुरशीला रान मोकळं. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन यातलं एक जरी नाव दिसलं तर ट्यूब तिथल्या तिथे परत करा. ही मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण आपण मागतो आणि मिळतात. आपल्याकडे फोफावलेल्या एका हट्टी बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. देशाचं नाव असंही निघतं!

औषध तिघांनी एकदम सुरू केलं. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावायचं आणि डाग गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवायचं. खसखसून घासणं बंद. त्याने कातडी सोलवटते. आंघोळीनंतर जांघ आणि पायाची बोटं कोरडी टिपायची. पायाला लागण असेल तर आधी मोजे घालावेत, मग चड्डी, नाहीतर बुरशी पायावरून वर चढते. कपडे गरम पाण्यात धुऊन, शिवणीवर इस्त्री फिरवून मगच अंगावर. टॉवेल आता घरात तीन आहेत. ऑफिसच्या खणात कोरडी सुती पँट असते. शिपाई हसतो, हसू दे.

नायटा गेला. ट्यूबने कातडीवर पाडलेल्या पांढरट रेघा तेवढ्या राहिल्या.