चावीचं घड्याळ घेणाऱ्या भाचीस

जुनं, भारी चावीचं घड्याळ घ्यायचं ठरवलंयस, तर मामाचं पहिलं सांगणं: पैसे तबकडीचे मोजायचे, मशीनचे नंतर. मशीन नादुरुस्त असलं तर चांगला घड्याळजी सुटे भाग शोधतो, नाहीतर घडवतो. तबकडी एकदा खरवडून रंगवली की संपलं. पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. नाव मोठं होतं, मान्य. पण तशाच तबकडीचं कुणा अनोळखी माणसाचं डेटोनासुद्धा साध्या तबकडीच्या जोडीदारापेक्षा कितीतरी महाग विकतं. केस तीच, मशीन तेच. गंमत अशी, की नवी होती तेव्हा या तबकड्यांना फारसं गिऱ्हाईक नव्हतं!

तेव्हा साठ वर्षांचं घड्याळ कोऱ्यासारखं चमकत असेल तर आधी शंका घे. आयग्लास लावून अक्षरं बघ. कंपनीची छपाई धारदार असते, कडा फुटलेल्या नसतात. मिनिटांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, तळाशी सहाच्या आकड्याखालचं ‘स्विस’ जागेवर आहे का, हे तपास. आपल्याकडे जुन्या मशीनवर भडक निळ्या-केशरी तबकड्या बसवून विकायचा धंदा इतका चालतो, की परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’च म्हणतात. ही काही मिरवायची कीर्ती नाही.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचंही एक गणित आहे. साठच्या दशकापर्यंत त्यांत रेडियम असे, पुढे ट्रिटियम आलं. ट्रिटियम साधारण १२ वर्षांत निम्मं होतं, म्हणजे १९६५चं घड्याळ आज रात्री जवळजवळ आंधळं असायला हवं. ते लख्ख उजळलं, तर लेप नंतर कुणीतरी चढवलाय. काटे पांढरे आणि आकडे पिवळट असतील, तर काटे बहुधा बदललेत. रेडियमचं उलटं आहे. त्याची चमक केव्हाच मेलेली असते, किरण मात्र शेकडो वर्षं निघत राहतात. असं घड्याळ स्वतः उघडायचं नाही, लेप खरवडायचा तर अजिबात नाही.

केस पॉलिश करून घेऊ नकोस. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या कडा दर पॉलिशला झिजतात आणि शेवटी साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होतात. ओरखडे राहू देत. मागच्या झाकणावर कुणाचं नाव कोरलेलं असलं तरी घासू नकोस. न्यूमनच्या घड्याळामागे त्याच्या बायकोने गाडी जपून चालवायची ताकीद कोरून घेतली होती, आणि तीच ताकीद घड्याळ त्याचं असल्याची मोठी खूण ठरली.

कागदपत्रांचं थोडक्यात. पाटेक फिलिप जुन्या घड्याळाचा दप्तरी उतारा देतं. त्यात ते कधी बनलं, कधी विकलं गेलं हे कळतं. आज त्याच्या आत काय आहे, हे त्यात नसतं. उतारा खरा आणि तबकडी रंगवलेली, असंही होतं.

घरी आणल्यावर चावी रोज एकाच वेळी दे, सकाळी चहाच्या वेळी म्हण. हाताला अटकाव लागला की थांब. पुढे रेटलं तर काहीतरी तुटेल. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख हाताने बदलू नकोस. तेव्हा तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. फोनच्या स्पीकरपाशी, पर्सच्या चुंबकी बटणापाशी ठेवू नकोस. एकाएकी दिवसाला बरीच मिनिटं पुढे पळायला लागलं, तर बहुधा चुंबक लागलंय. घड्याळजी ते काही क्षणांत उतरवून देतो.

आणि आपला पाऊस. जुन्या घड्याळाचं रबर कडक झालेलं असतं, त्यामुळे झाकणावर वॉटरप्रूफ लिहिलंय यावर विसंबू नकोस. जून ते सप्टेंबर ते कपाटातच बरं. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, चामड्याचा पट्टा काढून वेगळा ठेव, नाहीतर बुरशी धरते. काचेच्या आत वाफ दिसली की त्याच दिवशी घड्याळजीकडे ने. तांदळाच्या डब्यात पुरायचे उद्योग नकोत.

शेवटचं. विकणाऱ्याला मागचं झाकण तुझ्यासमोर उघडायला सांग. सबबी सांगायला लागला, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पड.