पैसा आधी पडद्यात घाल

पोरी, शाळेत थ्रीडी दाखवायचं म्हणतेस, तर प्रोजेक्टरच्या किमती विचारत फिरण्याआधी पडद्याचं बघ. साध्या पांढऱ्या भिंतीवर किंवा नेहमीच्या पडद्यावर प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र पोचवणारं प्रकाशाचं ध्रुवीकरण मोडतं. मग चष्मा लावूनही सगळं दुहेरी दिसतं. पडदा चंदेरीच हवा. विकतचा परवडत नसेल तर गुळगुळीत प्लायवर ॲल्युमिनियमचा रंग स्प्रेने मार, ब्रशने नको. ओरखडे प्रत्येक चित्रात दिसतात. असा पडदा मध्ये उजळ आणि कडेला मंद असतो, म्हणून मुलांना मधोमध बसव.

प्रोजेक्टर दोन, प्रत्येक डोळ्यासाठी एक, एकाच मॉडेलचे, एकावर एक; प्रत्येकाच्या लेन्ससमोर ध्रुवीकरणाचा फिल्टर. डीएलपी मिळाले तर उत्तम. बऱ्याच एलसीडी प्रोजेक्टरांत हिरवा रंग एका दिशेने आणि लाल-निळा दुसऱ्या दिशेने ध्रुवित होऊनच बाहेर पडतो. तिथे फिल्टर आडवा-उभा लावशील तर रंग जातील. 45 अंशांवर तिरका लाव. फिल्टर लेन्सला चिकटवू नकोस, तापून करपतो. तो निम्म्याहून जास्त उजेड खातो, तेव्हा खिडक्यांना जाड काळे पडदे हवेतच.

दोन्ही चित्रांची जुळवणी स्क्रूने कर, कीस्टोन बंद ठेव. चित्र वर-खाली सरकलेलं राहिलं तर डोकं हमखास दुखतं. मग एकाच प्रोजेक्टरने पांढरा उजेड टाक आणि दुसऱ्या डोळ्याच्या काचेतून बघ: जवळजवळ काळोख दिसेपर्यंत फिल्टर फिरवत राहा. या परीक्षेत कुचराई करू नकोस.

सगळ्यात जास्त फसवतं ते अंतर. दूरच्या वस्तूची दोन चित्रं पडद्यावर डोळ्यांमधल्या अंतराहून लांब गेली की डोळे बाहेरच्या बाजूला ताणावे लागतात. मोठ्यांचं हे अंतर सुमारे साडेसहा सेंटिमीटर, लहानांचं त्याहून कमी. तू 5 सेंटिमीटरच्या आत राहा. लॅपटॉपवर 1 सेंटिमीटर दिसलेली फट आठपट मोठ्या पडद्यावर 8 होते, म्हणून मोजपट्टी पडद्यावरच लाव.

हे जुगाड आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. 2000 नंतर अमेरिकेत भूगर्भशास्त्राच्या वर्गांत 'जिओवॉल' नावाच्या थ्रीडी यंत्रणा उभ्या राहिल्या, त्याही अशाच सामानावर.

आणि एखादं मूल म्हणालं, 'मला काहीच पुढे आलेलं दिसत नाही,' तर त्याला रागावू नकोस. काहींच्या दोन डोळ्यांची चित्रं मेंदूत जुळत नाहीत. त्याच्या आईवडिलांना बोलावून डोळे तपासून घ्यायला सांग.