दिवा लागल्यावर

चि. वैदेहीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. आर्डुइनो उनोचा बोर्ड संगणकाला जोडून त्यात ‘ब्लिंक’ नावाचा तयार प्रोग्राम उतरवताच बोर्डावरचा इवलासा दिवा उघडझाप करू लागला, आणि आता एकदम चालतेबोलते रोबो करण्याचा तुझा मनोदय आहे, हे वाचून संतोष वाटला. तथापि मोटारींच्या खरेदीसाठी आईकडे तगादा लावण्यापूर्वी त्या दिव्यापाशीच आणखी आठ-पंधरा दिवस रेंगाळावेस, असे मी आग्रहाने सुचवतो. कारण तो दिवा कारखान्यातच बसवलेला, १३ क्रमांकाच्या पिनशी आधीच जोडलेला आणि योग्य त्या रोधासह सिद्ध होता. हुकूम तेवढा तुझा, बंदोबस्त सारा परक्याचा.

तो बंदोबस्त एकदा स्वहस्ते करून पाहा. एक तांबडा एलईडी घे. त्याचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. याचा स्वभाव असा की, सुमारे दोन व्होल्टपर्यंत तो विजेला जवळजवळ दाद देत नाही, आणि ती मर्यादा ओलांडताच प्रवाह इतक्या झपाट्याने वाढतो की, वाटेत रोध नसेल तर एलईडीला किंवा खुद्द पिनला इजा पोहोचण्याचा संभव असतो. पिनवर ५ व्होल्ट. त्यांतले २ एलईडीच्या खर्ची पडले, शिल्लक ३. दहा मिलिअँपिअर प्रवाह उजेडाला पुरेसा आहे; तेव्हा जॉर्ज ओहमने १८२७ साली मांडलेल्या नियमाबरहुकूम ३ ला ०.०१ ने भागले की ३०० ओहम येतात, आणि दुकानात त्याच्या जवळचा ३३० ओहमचा रोध सहज मिळतो. त्यावर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात. चौथा सोनेरी पट्टा पाच टक्क्यांची कमीअधिक तफावत आधीच कबूल करून ठेवतो. पुष्कळ मुले ‘२२० चा लाव’ एवढे ऐकून तो लावतात. त्यात वावगे काही नाही, प्रवाह चौदा मिलिअँपिअरच्या आतच राहतो. पण तांबड्याच्या जागी निळा एलईडी आला, त्याला सुमारे तीन व्होल्ट लागू लागले आणि उजेड मंदावला, की या मंडळींना कारण सांगता येत नाही. तुला ते सांगता आले पाहिजे.

ही जोडणी छिद्रांच्या ब्रेडबोर्डावर करशील, तेव्हा त्याची एक खोड ध्यानात ठेव. मधल्या खाचेच्या दोन्ही अंगांना पाच-पाच छिद्रांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीतली पाचही छिद्रे आतून एकमेकांस जोडलेली असतात. एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत रोवले गेले तर दिवा लागणार नाही आणि तू निष्कारण प्रोग्रामची झडती घेत बसशील.

प्रोग्रामविषयी थोडेच लिहितो. त्यात दिवा लावल्यावर आणि विझवल्यावर अशा दोन ठिकाणी ‘डिले’ म्हणजे थांबण्याच्या आज्ञेपुढे १००० हा आकडा आहे, म्हणजे हजार मिलिसेकंद. दोन्ही ठिकाणी तो क्रमाने ५००, १००, ५० असा उतरवत १० वर आण. मग दिवा सेकंदाला पन्नास वेळा उघडझाप करीत असूनही डोळ्यांना अखंड, किंचित मंद भासेल. तेथून पुढे तेवण्याचा काळ वाढव आणि विझण्याचा तेवढाच घटव. उजेड हाताच्या ताब्यात आल्याचे दिसेल. मात्र ‘डिले’ चालू असता नेहमीच्या प्रोग्रामची पुढली ओळ हालत नाही, त्या मुदतीत तू बटण दाबून लगेच सोडलेस तर त्याची दखल कोणी घेत नाही. रोबो करताना हेच प्रथम आडवे येईल. शिवाय उनोची पिन वीस मिलिअँपिअरच्या आसपासच चालवावी, चाळीस ही तिची अखेरची हद्द. मोटारीची भूक त्याहून पुष्कळ मोठी, म्हणून पिन आणि मोटार यांच्या मध्ये तिला प्रवाह पुरवणारे वेगळे ड्रायव्हर सर्किट लागते.

तूर्त एवढे कर. दिवा स्थिर तेवत ठेवून मल्टिमीटरने रोधाच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोज आणि त्यांना ३३० ने भाग. प्रवाह हाती येईल. मीटर प्रवाहाच्या जागी ठेवून त्याच्या तारा ५ व्होल्ट व ग्राउंड यांना थेट लावण्याचे धाडस मात्र कदापि करू नकोस. तांबडा आणि निळा, दोन्हींचे आकडे वहीत तारखेनिशी उतरवून पुढील पत्री कळव. ते पाहून मोटारींची यादी मी स्वतः करून पाठवीन.

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझा,
मामा