साळिंदराची वंशावळ

भाची : मामा, सप्तशृंगगडाच्या उतारावर सापडलेला हा साळिंदराचा काटा पाहा. एवढा काटेरी प्राणी उंदराच्या नात्यात कसा बसवतात?

मामा : काट्यावर जाऊ नकोस. काटा हे केसाचेच कठीण झालेले रूप आहे. नाते पाहावयाचे ते जबड्यात. वरखाली समोर जन्मभर वाढणाऱ्या छेदक दातांची एकेक जोडी आणि तिच्यामागे दाढांपर्यंत मोकळी जागा, एवढा दाखला मिळाला की प्राणी कृंतक गणात दाखल झाला. पुढची विभागणी 1855 साली ब्रांटने चर्वणाच्या स्नायूंवरून केली : साळिंदरात त्या स्नायूचा एक भाग डोळ्याखालच्या मोठ्या छिद्रातून थेट मुस्कटाकडे जातो, खारीत तसे होत नाही.

भाची : मग अमेरिकेतली झाडांवर चढणारी साळिंदरे याच कुळातली ना?

मामा : लिनियसने 1758 साली त्यांना एकाच प्रजातीत घातले होते खरे, परंतु शरीररचनेचा आणि पुढे आनुवंशिक द्रव्याचा सूक्ष्म तपास झाल्यावर असे ठरले की, अमेरिकेतली ती मंडळी तिथल्याच गिनीपिगांना अधिक जवळची असून काटे दोन्हीकडे स्वतंत्रपणे उत्पन्न झाले. जुन्या जगातील साळिंदर-कुळात आज तीन प्रजाती व सुमारे अकरा जाती उरल्या आहेत. आपल्याकडची ती हिस्ट्रिक्स इंडिका, केरने 1792 साली नोंदलेली.

भाची : तिचे पूर्वज इथल्या डोंगरांत सापडतील का?

मामा : आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, म्हणजे या कुळाच्या उदयापूर्वीचा, त्यात त्यांची हाडे कुठून असणार? ती सापडतात शिवालिकच्या गाळखडकांत, जिथल्या अवशेषांवरून कोल्बर्टने 1933 साली सिवॅकँथियन ही नामशेष प्रजाती मांडली, आणि कर्नूलच्या चुनखडी गुहांत. या गुहांचे मोल मला फार वाटते. ब्रूस फूट यांच्या देखरेखीखाली 1880 नंतरच्या दशकात तिथे खोदकाम झाले, आणि हाती आलेल्या अस्थींतून लिडेकरने 1886 साली दोन निरनिराळी साळिंदरे वर्णिली : एक आपल्याच प्रजातीतले, पण भक्कम दाढांचे, दुसरे झुपकेदार शेपटीच्या प्रजातीतले, जिचे वंशज आज भारतात केवळ ईशान्येच्या अरण्यांत राहतात.

भाची : म्हणजे तेही एके काळी दख्खनेत वावरत होते!

मामा : लिडेकरची ओळख मान्य केली, तर होय, आणि हा निर्णय मूठभर हाडांवर व दातांवर उभा आहे. साळिंदर स्वतः हाडे ओढून बिळात नेते आणि खनिजांसाठी व दात झिजवण्यासाठी ती कुरतडते, त्यामुळे त्याच्या आश्रयस्थानी इतर प्राण्यांचेही अवशेष साठतात. तेव्हा रानात बिळाबाहेर जुनी कवटी पडलेली दिसली तर ती फोडू नये. जागा व तारीख टिपून घ्यावी आणि महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवावे.